दानांगचा मंकी माउंटन: सासूबाई, सात वर्षांचा मुलगा आणि ४५ मिनिटं. कसं जमवावं?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिएतनामला जायचं ठरलंय, मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी). दानांगला चार रात्री आहेत. टूरवाल्याने जी आयटिनररी पाठवलीय त्यात बाना हिल्स, होई आन, मार्बल माउंटन, ड्रॅगन ब्रिज सगळं आहेच आणि तिसऱ्या दिवशी "लेडी बुद्धा व मंकी माउंटन, ४५ मिनिटं" असं एका ओळीत उरकलंय. आता ४५ मिनिटांत अख्खा डोंगर कसा बघतात ते त्यालाच माहीत.

तर झालंय असं की मुलाने कुठेतरी तिथल्या त्या रंगीबेरंगी माकडाचा फोटो बघितला, लाल पाय, केशरी तोंड, पांढरी दाढी, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, चित्र काढून फ्रीजवर लावलंय. दुसरीकडे सासूबाईंना माकड म्हटलं की धडकी भरते कारण वणीला गडावर एकदा माकडाने त्यांचा चष्मा ओढून नेला होता आणि पुडीभर फुटाणे दिल्यावर परत टाकला, तोही एका काडीचा. म्हणजे एकाला माकड बघायचंच आहे आणि एकीला अजिबात नको.

तर विचारायचंय की ते रंगीत माकड ४५ मिनिटांत खरंच दिसतं का, का वेगळा वेळ काढून जावं लागेल? नवरा म्हणतोय स्कूटर भाड्याने घेऊ, तिथे सगळे घेतात, ते कितपत बरोबर? वर चढायला पायऱ्या किती? आणि आम्ही शाकाहारी, डोंगरावर खायला काही मिळतं का की थेपले बांधून न्यावेत? जाऊन आलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

हापूस_आणि_मी

मृण्मयी, आधी एक गोष्ट पक्की करा म्हणजे अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. त्या डोंगरावर दोन वेगवेगळी जनावरं आहेत आणि टूरवाले दोघांना मंकी म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे निदान दोन शब्द तरी आहेत, माकड आणि वानर. आमच्याकडे कोकणात तर शेंबडं पोर पण सांगेल की केलडं वेगळं आणि वांदर वेगळा (दोघंही बागायतदाराच्या मुळावर उठलेत तो विषय निराळा, त्यावर लिहायला बसलो तर तुमचा धागा संपेल). तिथेही अगदी तसंच आहे. लिन उंग देवळाच्या (लेडी बुद्धाची मूर्ती आहे तेच) आवारात आणि खालच्या रस्त्यावर कठड्यावर बसलेली असतात ती माकडं, रीसस, म्हणजे मथुरा-वृंदावनला चष्मे पळवतात ना तीच जात. तुमच्या मुलाने चित्र काढलंय तो वानर आहे. रेड-शँक्ड डूक लंगूर म्हणतात त्याला, आपल्या काळतोंड्या वानराच्याच भाऊबंदकीतला, झाडपाला खाणारा, झाडावरून सहसा खाली उतरत नाही आणि देवळाकडे ढुंकून बघत नाही. म्हणजे टूरच्या ४५ मिनिटांत दिसणार माकड आणि पोरगं शोधणार वानर. रडारड नक्की.

आम्ही दोघं मागच्या एप्रिलमध्ये गेलो होतो. आमच्याही पॅकेजात तेच ४५ मिनिटांचं कलम होतं, ते केलं, मूर्ती बघितली, समुद्र बघितला, छान आहे, पण लंगूर नाही. मग हॉटेलच्या रिसेप्शनवरल्या मुलीला मोबाईलवर फोटो दाखवला तर ती एकदम खूश झाली, तिने ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो (तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे अंगाच्या हिशोबाने पहाटेचे चार, हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा). मी खे बीचवरून तो डोंगर समोरच दिसतो, अर्ध्या तासाच्या आत आम्ही जंगलात होतो. शहराला इतकं खेटून असं जंगल मी मुंबईचं नॅशनल पार्क सोडलं तर कुठे बघितलं नाही, आणि याच्या तर तीन बाजूंना समुद्र.

ड्रायव्हरला इंग्रजी येत नव्हतं. एका वळणावर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तोंडावर बोट ठेवून गप बसला. पंधरा मिनिटं काही नाही. वारा नव्हता, सगळं रान स्तब्ध, आणि मग खालच्या उतारावरच्या एका झाडाची एकच फांदी हलली. नीट बघितलं तर पानांतून पांढरी शेपूट लोंबत होती, जाडसर, सरळ, देवळातल्या घंटेचा दोर लोंबतो तशी. मग हळूहळू बाकीचा प्राणी दिसायला लागला. गुडघ्यापासून खाली गेरूत बुडवल्यासारखे तांबडे पाय, मांड्या काळ्या, अंग करडं, आणि कोपरापासून पुढे पांढरेशुभ्र हात, अगदी आपल्या पुण्यातल्या बायका उन्हात स्कूटरवर हातमोजे घालतात ना कोपरापर्यंतचे, तसे. बायको हे बोलली आणि मला हसू आवरेना, तोंडावर रुमाल धरला. तोंड पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, भोवती पांढरे कल्ले, आणि पापणी मिटली की पापणीवर फिकट निळा रंग. दुर्बीण असेल तरच दिसतं ते. एक होता म्हणता म्हणता सात मोजले, एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं होतं, त्याचं तोंड मात्र काळपट. पोरांना सांगायला अजून एक गंमत, शेपटीच्या बुडाशी पांढरा त्रिकोण असतो आणि त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांपाशी दोन पांढरे ठिपके दिसले की तो नर.

करत काय होते? खात होते. फांदी ओढायची, कोवळी पालवी चावायची, अर्धी खाली टाकायची, परत पुढची फांदी. पानं तोडल्याचा बारीक आवाज येत होता बस. चाळीस मिनिटं आम्ही तिथेच होतो.

ग्रीनव्हिएत म्हणून तिथली एक संस्था आहे, त्यांनी मोजणी केली तेव्हा या एका डोंगरावर तेराशेच्या वर डूक लंगूर निघाले. जगातून संपत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत २०२० पासून हा सगळ्यात वरच्या, अतिसंकटग्रस्त गटात आहे, आणि इथे दहा-बारा लाख वस्तीच्या शहराला लागून तो आरामात पालवी खात बसलेला असतो. म्हणून म्हणतो, वेगळी सकाळ काढाच. दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ वगैरे साधी चालेल. मोबाईलवर फोटोच्या नादी लागू नका, हिरव्यात एक केशरी ठिपका येतो आणि घरी कोणालाच काही दिसत नाही.

गिअर_चार

फक्त स्कूटरबद्दल लिहितो कारण बाकी वरती भारी लिहिलंय.

तुमच्या मिस्टरांना सांगा की नाद सोडा. एक तर आपलं इंटरनॅशनल परमिट तिथे चालत नाही. आरटीओतून जे मिळतं ते १९४९ च्या जिनिव्हा कराराचं आणि व्हिएतनाम मानतो १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं. दुकानदार विचारत नाही, पासपोर्टची झेरॉक्स घेतो आणि चावी देतो, त्यामुळे लोकांना वाटतं चालतं. पोलिसाने अडवलं तर दंड, पण खरी गोची अपघात झाला की होते, लायसन्स वैध नाही म्हटल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात. ५० सीसीच्या आतल्या गाडीला लायसन्स लागत नाही हे खरंय पण ती गाडी त्या चढावर दोन माणसं घेऊन चढेल का याचा विचार करा.

दुसरं म्हणजे वरच्या बान को शिखराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑटोमॅटिक स्कूटरला सोडतच नाहीत, गेटवर बघतात आणि परत पाठवतात, गिअरची बाईक लागते. उगाच नियम नाहीये तो. उतार इतका तीव्र आहे की स्कूटरला इंजिन ब्रेकिंग मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून जातात आणि मग... वरंधा घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय तिकडे गाड्या उजव्या बाजूने. वळणावर सवयीने डावीकडे जाल आणि समोरून डंपर.

मी स्वतः गिअरची घेऊन गेलो होतो, म्हणजे कायद्याने चुकलोच, कबूल. पण सासूबाई आणि मुलगा घेऊन? नाही हो. गाडी करा.

प्रसाद_ठाणे

वेगळं मत मांडतो, राग नसावा. आम्ही वरच्यासारखंच वाचून गेलो होतो, पहाटे उठून, मुलांना झोपेतून ओढून. तीन तास त्या डोंगरावर होतो. धुकं इतकं की समोरचं झाड दिसेना, दिसली एक खार आणि एक परदेशी माणूस कॅमेरा घेऊन, तोही तितकाच वैतागलेला. धाकटीला वळणावळणाच्या रस्त्याने उलटी झाली. पाच दिवसांच्या ट्रिपमधली एक सकाळ गेली. लहान मुलं असतील तर मी म्हणेन बाना हिल्सला जास्त वेळ द्या, केबल कार आहे, गोल्डन ब्रिज आहे, मुलं खूश. जंगली प्राणी काय बोलावून येत नाहीत.

हापूस_आणि_मी

प्रसाद, राग कसला, बरोबरच आहे, नशीबाचा भाग आहे. कोणत्या महिन्यात गेला होतात?

प्रसाद_ठाणे

दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे ऑक्टोबरचा शेवट.

हापूस_आणि_मी

मग झालं तर.

सायगावकर

दिवाळीत दानांग म्हणजे आपल्याकडे जुलैमध्ये माथेरान :) पाऊस तिथे सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट, वादळंही तेव्हाच. ऑक्टोबर २०२२ च्या पावसात तर या डोंगरावरच्या रस्त्यांवर इतक्या दरडी कोसळल्या की रस्ते बंद करावे लागले. आपली सुट्टी नेमकी त्यांच्या पावसात येते आणि मग लोक म्हणतात व्हिएतनाम काही खास नाही. मृण्मयी ताईंचा मार्च उत्तम आहे, फेब्रुवारी ते ऑगस्ट कोरडा, त्यात मार्चमध्ये अजून काहिली सुरू झालेली नसते.

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं हो चि मिन्ह सिटीत आहे, दानांगला दर दोन-तीन महिन्यांनी जाणं होतं, म्हणून थोडं फुटकळ लिहितो, क्रम लावत बसत नाही.

पहिलं, नाव. इंग्रजीत सोन ट्रा लिहितात, तसं म्हणालात तर ड्रायव्हर बघत बसेल. साधारण "सन चा" म्हणा. सन म्हणजे डोंगर आणि चा म्हणजे आपला चाच, चहा. मंकी माउंटन हे अमेरिकन सैनिकांनी युद्धात ठेवलेलं नाव, त्यांचं रडार होतं वर. आजही वरचे ते पांढरे घुमट आहेत तो लष्कराचा भाग आहे, तिकडे जायचं नाही आणि ड्रोन वगैरे बॅगेतून काढायचाच नाही.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं, दानांगमध्ये लिन उंग नावाची तीन देवळं आहेत. एक मार्बल माउंटनवर, एक बाना हिल्सवर आणि एक इथे. ग्रॅबमध्ये (तिथलं ओला-उबर) नुसतं लिन उंग टाकलंत तर भलतीकडे पोचाल, माझे सख्खे आईवडील मार्बल माउंटनला उतरून मला फोन करत होते की अरे समुद्र कुठाय. इथलं जे आहे ते "लिन उंग बाई बुट", बाई बुट म्हणजे बुद्धाचा किनारा. प्रवेश फुकट. मूर्ती ६७ मीटर, आत सतरा मजले आहेत, २०१० मध्ये पूर्ण झाली. कोळी लोकांची फार श्रद्धा, मूर्ती उभी राहिल्यापासून वादळं कमी झाली म्हणतात.

तिसरं, ग्रॅबने वर जाल पण परत यायला वर ग्रॅब मिळत नाही. देवळापाशी मिळते, त्याच्या पुढे जंगलात विसरा. म्हणून अर्ध्या दिवसाची गाडी ठरवून घ्या, भाडं आधीच बोलून, आणि ड्रायव्हरला लंगूरचा फोटो दाखवून "वोक" म्हणा. वोक म्हणजे लंगूर, "खी" म्हणजे माकड. त्यांच्याकडेही बघा दोन शब्द आहेतच. वोक म्हणालात की त्याला कळतं तुम्हाला देवळात नाही, वर जायचंय.

पायऱ्यांचं विचारलंत, तर लंगूर बघायला चढायचं काहीच नाही, रस्त्याच्या कडेनेच दिसतात, सासूबाई गाडीत बसून बघू शकतील. बान को शिखरापाशी गाडी जवळपर्यंत जाते, शेवटचा थोडा चढ पायी आहे. वर दगडी बुद्धिबळाचा पट मांडून एक म्हातारा देव बसलाय, समोरची जागा रिकामी, तिथे बसून सगळे फोटो काढतात. गोष्ट अशी सांगतात की दोन देव खेळत बसले होते, इतक्यात खाली किनाऱ्यावर अप्सरा आंघोळीला उतरल्या, एकाचं लक्ष गेलं, तो हरला आणि रागाने पटाला लाथ मारून निघून गेला. तो किनारा म्हणजे तिएन सा, आता तिथे बंदर आहे. मुलाला अप्सरांचा भाग कसा सांगायचा ते तुम्ही बघा. सगळ्यात उंच टोक ६९६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या जवळपास निम्मं, पण समुद्रातून सरळ उठलेलं असल्यामुळे उंची अंगावर येते. पूर्वेच्या टोकाकडे शेकडो वर्षांचा एक वड आहे, पारंब्या बघून गावाची आठवण येते, पण तो रस्ता लांबचा आणि खडा चढ-उताराचा, तुमच्या मंडळींना घेऊन नको.

खाणं: जंगलात काही नाही. पाणी आणि थेपले घ्या, पण गाडीच्या आतच खा, कारण पुढचे प्रतिसाद वाचा. शहरात शाकाहारी पाहिजे तर "आन चाय" म्हणा. हो, चाय. चहा मागितला तर चा आणि शाकाहारी पाहिजे तर चाय, मला पहिले सहा महिने गोंधळ. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला बरेच बौद्ध लोक चाय खातात, त्या दिवशी तर जागोजागी मिळतं. मात्र फिश सॉस नाही ना हे विचाराच, "खोंग नुक माम".

शेवटचं. हा डोंगर असा राहिलाय तो आपोआप नाही. १९७७ पासून राखीव जंगल आहे हे खरं, पण २०१७ मध्ये वर हॉटेलं आणि व्हिला बांधायच्या योजनेवरून दानांगमध्ये प्रचंड गदारोळ झाला होता, उतारावर चाळीस व्हिलांचे पाये ओतलेले लोकांच्या नजरेस आले आणि शहर पेटलं, सह्यांची मोहीम झाली. इथे सहसा लोक असं उघड बोलत नाहीत त्यामुळे मला ते विशेष वाटलं होतं. नंतर या लंगूरचं चित्र शहरात भिंतींवर, बसवर सगळीकडे दिसायला लागलं, लोक त्याला वानरांची राणी म्हणतात.

मृण्मयी_कोथरूड

बाप रे, किती ती माहिती, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नवऱ्याला गिअर_चार यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो दहा मिनिटं गप्प होता, मग म्हणाला मी तर नुसतं सुचवलं होतं. स्कूटर कॅन्सल. टूरवाल्याला फोन केला की एक सकाळ मोकळी द्या तर म्हणे मॅडम तिथे काय नाय, माकडं तर लोणावळ्याला पण आहेत.

सायगावकर, "पुढचे प्रतिसाद वाचा" म्हणजे काय हो? पुढे प्रतिसादच नाहीयेत अजून :D आणि सासूबाईंचा प्रश्न शिल्लकच आहे, देवळातल्या माकडांचं काय? अंगावर येतात का?

सायगावकर

मला खात्री होती कोणीतरी चावल्याचं लिहिणारच, प्रत्येक धाग्यावर लिहितात.

नेत्रा_नाशिक

आले मी.

आमच्या लेकीला (वय ९) त्याच देवळाच्या पार्किंगपाशी ओरबाडलं. चूक आमची होती, माकडाची नाही, हे आधीच लिहिते. समोर एक ग्रुप माकडांना केळी देत होता, हसत, व्हिडिओ काढत, आपलेच लोक होते, मराठी नव्हते एवढंच काय ते समाधान. माकडं जमली, गाल भरभरून कोंबत होती, त्यांच्या गालात पिशव्याच असतात त्यामुळे कितीही दिलं तरी अजून पाहिजे. लेकीच्या हातात चिप्सचं पाकीट. तिने द्यायला नाही, उलट लपवायला म्हणून हात मागे घेतला, तर मागून एकाने उडी मारून पाकीट खेचलं आणि मनगटावर दोन रेघा उठल्या. एवढ्याशा. टूर लीडर म्हणाला डेटॉल लावा, काय होत नाही.

मी ऐकलं नाही. माझे काका पशुवैद्य, त्यांना तिथूनच फोन लावला. त्यांनी सांगितलं की आधी नळाखाली साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटं धू, मलमपट्टी नंतर, आणि रक्त येवो न येवो, रेबीजचं इंजेक्शन आजच, परवा भारतात येऊन नाही. देवळाच्या नळावर पंधरा मिनिटं उभं राहणं फार लांबतं हो, लेक रडतेय, बस हॉर्न मारतेय. मग शहरात एका हॉस्पिटलात गेलो, त्यांनी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन दिलं आणि लसीचा पहिला डोस दिला, पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, ते नाशिकला येऊन पूर्ण केले. लेक ठणठणीत आहे, वर्गात हिरो झाली.

तर मृण्मयी, सासूबाईंना भीती वाटते ते बरंच आहे. माकड आपण होऊन अंगावर येत नाही, पण हातात काही दिसलं की येतं, आणि प्लास्टिकचा नुसता कुरकुर आवाज झाला तरी वळून बघतं. चष्मा, पाण्याची बाटली, पिशवी, सगळं गाडीत. डोळ्यात डोळे घालून दात दाखवून हसायचं नाही, त्यांच्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. आणि इन्शुरन्स घेतलाय ना ते बघा, आम्हाला त्याचा उपयोग झाला.

हापूस_आणि_मी

नेत्राताईंना +१. आणि हे फक्त माकडापुरतं नाही. लंगूरला तर चुकूनही काही देऊ नका, तो जवळ येणारच नाही म्हणा, पण कोणी फेकतानाही दिसलं तर अडवा. त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, त्यात पाला आंबतो तेव्हा पचतो. गोड केळं, बिस्कीट त्यात गेलं की गॅस धरून जनावर मरूही शकतं. आमच्याकडे बैलाला पोटफुगी होते तसंच.

लेणीवेडा

लंगूरबद्दल मला काही माहीत नाही, मी डोंगराला गेलो आणि लंगूर न बघता परत आलो, मुद्दाम. देवळातल्या त्या ६७ मीटरच्या मूर्तीबद्दल दोन ओळी लिहायच्यात कारण टूरवाले लेडी बुद्धा म्हणतात ते ऐकून माझं डोकं उठतं. ती क्वान अम, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, चीनमार्गे जाता जाता स्त्रीरूप झालेला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात दाराशेजारी आठ संकटांतून भक्तांना सोडवणारा अवलोकितेश्वर कोरलाय, त्या आठांत एक जहाज बुडण्याचं आहे. दानांगचे कोळी समुद्राकडे तोंड केलेल्या मूर्तीला नारळ-फुलं वाहताना बघितले आणि मला तो शिल्पपट आठवला. सासूबाईंना हे सांगा, ४५ मिनिटं कमी पडतील.

वेळ असेल तर डोंगराच्या पायथ्याशी तिएन साच्या बाजूला फ्रेंच आणि स्पॅनिश सैनिकांचं छोटंसं जुनं दफनस्थान आहे. सप्टेंबर १८५८ मध्ये त्यांनी इथे हल्ला केला तेव्हाचं. कोणी जात नाही. मी गेलो तेव्हा फक्त एक कुत्रं होतं.

प्रसाद_ठाणे

लंगूर मुद्दाम न बघता आलात, वा. मी बघायला जाऊन न बघता आलो. आपलं जमेल.

मृण्मयी_कोथरूड

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कालच परत आलो, सांगितल्याशिवाय राहवेना.

पहाटे सव्वापाचला निघालो. गाडी हॉटेलनेच करून दिली. ड्रायव्हर काका साधारण पन्नाशीचे, मी "वोक" म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि मग कागदाच्या पुडीतून भाताचं काहीतरी खात खात गाडी हाणली. पहिल्या जागी पन्नास मिनिटं थांबलो. काही नाही. खाली समुद्र गुलाबी झाला, मग निळा झाला, मुलगा पुढच्या सीटवर झोपून गेला, नवऱ्याने तीनदा घड्याळ बघितलं, मला मनातून प्रसाद_ठाणे आठवत होते. दुसऱ्या जागी गेलो, उत्तरेकडच्या उतारावर. आम्ही दोघं आणि ड्रायव्हर काका गाडीबाहेर दुर्बीण घेऊन वर बघतोय, मानेला रग लागली, आणि सासूबाई गाडीत बसल्या बसल्या काच खाली करून म्हणाल्या, "अगं, ते खाली कोण बसलंय?"

रस्त्याच्या खालच्या बाजूला, आमच्या डोळ्यांच्या रेषेत, जेमतेम तीस फुटांवर. तो पाठ करून बसला होता, मग त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं, कोणी ऑफिसात फाईल घेऊन आलं की क्लार्क बघतो तसं, आणि परत पालवी खायला लागला. मुलाला उठवलं. तो एक शब्द बोलला नाही, हे घरात पहिल्यांदाच घडलं. ठिपके मोजले, दोन होते, नर. नंतर वरच्या झाडातून अजून पाच जण उड्या मारत गेले, प्रत्येक उडीला फांदी अशी काडकन लवायची की सासूबाई दर वेळी "अगं बाई" म्हणत होत्या. हातमोज्यांचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं त्यांना, तरी त्याच म्हणाल्या, हा तर लक्ष्मी रोडवरच्या बायकांसारखा दिसतोय.

उतरताना देवळात गेलो. गाडीचं दार उघडायच्या आधीच सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये, पर्स सीटखाली, आणि माझा हात घट्ट धरून देवदर्शन, मूर्ती एवढी मोठी की चष्म्याशिवायही दिसली. एक माकड कठड्यावर होतं, आमच्याकडे बघून कंटाळलं बहुतेक. शेजारी एका बसमधून उतरलेले लोक ओरडत होते, मंकी मंकी. आमचं रत्न तिथल्या एका काकूंना मराठीत समजावत होतं की हे नुसतं माकड आहे, वानर वर आहे. त्या गुजराती होत्या, पण त्यांनी वर बघितलं.

थेपले गाडीत खाल्ले. ड्रायव्हर काकांना दोन दिले, त्यांनी एक खाल्ला आणि एक पुडीत बांधून ठेवला.

आता एकच काम राहिलंय, मुलाला फ्रीजवर चित्राच्या शेजारी लावायला लंगूरचा मॅग्नेट पाहिजे होता, आम्ही तीन दुकानं फिरलो तर सगळीकडे ड्रॅगन ब्रिज आणि त्या टोप्या. सायगावकर, मिळतो का हो कुठे?

सायगावकर

पुढच्या आठवड्यात दानांगला चाललोय, बघतो. मे महिन्यात पुण्यात येतोय, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बदल्यात थेपले.